आपला जिल्हा पुढच्या पंचवीस वर्षांत किती वाढेल? महाराष्ट्राच्या विभागीय विकासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र पुढारलेले राज्य आहे हे आपण शाळेपासून ऐकतो. पण पुढारलेला म्हणजे नेमका कोणता भाग, असे विचारले की चर्चा लगेच पुढाऱ्यांच्या भांडणावर येते. ते भांडण टळणार नाही, मात्र त्याआधी हिशेब नीट समजून घ्यावा म्हणून हे पान. गावाकडे धंदा टाकू पाहणारे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि पुण्या-मुंबईहून परतायचा विचार करणारे असे सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात.

राज्यातली दरी खरेच एवढी मोठी आहे का?

आहे. राज्य सरकार दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी आर्थिक पाहणी मांडते, त्यात जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न असते. मुंबई, ठाणे, पुणे ही नावे वर्षानुवर्षे वरच्या टोकाला आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, बुलढाणा, हिंगोली ही खालच्या टोकाला दिसतात. कोकण (यात मुंबई-ठाणे आले) आणि पुणे हे दोन महसुली विभाग मिळून राज्याच्या उत्पन्नातला जवळपास ६० टक्के वाटा उचलतात. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांचा मिळून वाटा एक आकडी आहे.

विभागाच्या सरासरीत तालुके बुडतात, हेही लक्षात ठेवा. पुणे विभागातच माण, जत, आटपाडी येतात आणि नाशिक विभागात द्राक्षांच्या निफाडबरोबर अक्कलकुवा आणि धडगावही येतात.

मागे पडलेला जिल्हा बरोबरी करू शकतो का? किती वर्षांत?

गणित करून पाहू. एका जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न दुसऱ्याच्या निम्मे आहे आणि पुढचा जिल्हा दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो आहे असे धरा. मागच्याला २५ वर्षांत त्याला गाठायचे असेल तर त्याचा वेग दरवर्षी ९ टक्क्यांच्या आसपास हवा, तोही एक वर्ष न चुकता. दुष्काळाची दोन वर्षे मध्ये आली की गणित पुढे सरकते.

म्हणून पंचवीस वर्षांत बरोबरी होईल असे कुणी सांगितले तर मी त्यावर विसंबणार नाही. पण वेगातला छोटा फरकही साधा नसतो. ४ टक्क्यांनी वाढणारे उत्पन्न २५ वर्षांत अडीचपटीच्या थोडे पुढे जाते, तर ७ टक्क्यांनी वाढणारे पाचपटीच्या वर. आज पंचविशीत असलेल्या माणसाच्या अख्ख्या कमावत्या वयाचा हा फरक आहे. जिल्ह्याने मुंबईला गाठले नाही तरी चालेल, त्याचा वेग चारवरून सातावर आला का, हे मी पाहीन.

ही दरी पडली कशी?

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा तीन वेगवेगळ्या राजवटींतून आलेले प्रदेश एकत्र आले. पश्चिम महाराष्ट्रात इंग्रजांच्या काळातच नीरा, प्रवरा यांचे कालवे झाले होते. त्या पाण्यावर ऊस आला आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्यामागोमाग बँक, दूध संघ, शाळा, इंजिनीअरिंग कॉलेज अशी रांग लागली. शेतातून निघालेला पैसा त्याच तालुक्यात पुन्हा गुंतला, हे सगळ्यात महत्त्वाचे.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा कमी, कालवे नावापुरते, मुख्य रेल्वे मीटरगेज. विदर्भाची गोष्ट निराळी. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे १८७७ मध्ये सुरू झाली होती, कापूस वाहायला रेल्वे होती. पण ती रेल्वे कापूस बाहेर नेण्यासाठी होती आणि राजधानीही पुढे हातची गेली. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला न्याय्य वाटा द्यायचे ठरले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते ते त्याच कराराला धरून.

अनुशेष म्हणजे काय आणि तो भरून निघाला का?

रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, कृषिपंप अशा प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याला सरासरीवर आणायला किती पैसे लागतील ते मोजायचे. हा आकडा म्हणजे अनुशेष. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. पुढच्या निर्देशांक व अनुशेष समितीच्या हिशेबाने १९९४ पर्यंत तो सुमारे १४,००७ कोटी झाला. पुढे विजय केळकर समितीने २०१३ मध्ये समतोल विभागीय विकासावर अहवाल दिला.

कागदावर पुष्कळ अनुशेष भरला गेला. सिंचनाचा मात्र अमरावती विभागात, विशेषतः अकोला, अमरावती, वाशीम, बुलढाण्यात, रेंगाळला. पैसे मंजूर होणे आणि शेताच्या बांधावर पाणी येणे यांत किती अंतर असते, ते गोसीखुर्दने दाखवले. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळच्या या धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाले, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. खर्चाचा अंदाज पुढे १८,००० कोटींच्या वर गेला. ज्याच्या बापाने धरणासाठी जमीन दिली, तो आज स्वतः आजोबा झाला असेल.

अनुशेषाचा हिशेब न्यायासाठी हवाच, तो सोडू नये असे माझे ठाम मत आहे. पण तो इमारती आणि किलोमीटर मोजतो. दवाखाना बांधला की अनुशेष कमी होतो, डॉक्टर आहे का हे त्यात येत नाही.

वैधानिक विकास मंडळे आता आहेत का?

राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली. निधीचे समन्यायी वाटप ही राज्यपालांची खास जबाबदारी होती. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला, पण निर्णयाने मंडळ बसत नाही. माणसे नेमली जाऊन दरवर्षी अहवाल विधिमंडळापुढे यायला हवा. मोजणाराच नसेल तर वाटपाचा वाद निव्वळ भाषणांवर चालतो.

पुणे एवढे कसे वाढले? ते दुसरीकडे जमेल का?

पुण्याचे उदाहरण सगळे देतात, पण त्याला लागलेला वेळ कुणी सांगत नाही. इंजिनीअरिंगचे शिक्षण तिथे १८५४ पासून आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-भोसरीच्या माळावर प्लॉट पडले. साठच्या दशकात टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि बजाज आल्या, मुंबईत नव्या कारखान्यांवर बंधने आली तसा ओघ घाट चढून वर आला. खरी कमाई मात्र मोठ्या कंपन्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या वर्कशॉपची. लेथवर काम करणारा फिटर स्वतःचे शेड टाकतो, दहा माणसे ठेवतो, त्यांच्यातले दोघे पुढे आपले शेड टाकतात. अशा दोन-तीन पिढ्या गेल्या तेव्हा ते पुणे झाले.

तसेच काहीसे छत्रपती संभाजीनगरमध्ये झाले आहे. वाळूजला ऐंशीच्या दशकात बजाज आली, तिला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानदार तयार झाले. आज शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत विजेच्या स्कूटर बनवणारी एथर आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी गुंतवणूक जाहीर केली ती रिकाम्या माळाकडे बघून नाही, सुटा भाग घडवणारे हात चाळीस वर्षांत तिथे तयार झाले म्हणून. सामंजस्य करार झाला की पेपरात आकडा येतो. कारखाना उभा राहिल्यावर त्याला माल पुरवणाऱ्यांत स्थानिक किती, हे पाच वर्षांनी विचारायला विसरू नका.

समृद्धी महामार्गाने विदर्भ-मराठवाड्याचे नशीब पालटेल का?

७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूरची संत्री आणि जालन्याचे स्टील बंदराच्या जवळ आले, यात शंका नाही. पण रस्ता बंदिस्त आहे. शेजारच्या गावाला त्यावर वाटेल तिथे चढता येत नाही, इंटरचेंज म्हणजे चढ-उताराची जागा असेल तिथेच फायदा. तिथे गोदामे, शीतगृहे, प्रक्रिया उद्योग असलेली नवनगरे वसवायची मूळ कल्पना होती. रस्ता झाला, नवनगरे अजून आकाराला यायची आहेत. ती झाली नाहीत तर रस्ता दोन्ही दिशांना चालतो: विदर्भाचा माल मुंबईला जाईल, तसा मुंबईचा माल विदर्भाच्या बाजारपेठेतही स्वस्तात येईल.

रेल्वेचे तर विचारूच नका. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीडला पहिली गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या तीस वर्षांत बीडची एक पिढी एसटीने पुण्याला गेली.

विदर्भ एवढा कापूस पिकवतो, मग पैसा कुठे जातो?

एक गाठ धरून चालू. यवतमाळच्या शेतकऱ्याने पाच क्विंटल कापूस जिनिंगला घातला तर साधारण १७० किलो रुईची एक गाठ होते, बाकी सरकी. सरकीचे तेल निघते, ढेप गुरांना जाते. म्हणजे जिनिंग-प्रेसिंगपर्यंतचे काम गावाजवळ होते. इथून पुढे गाठ ट्रकमध्ये चढते आणि सूत, कापड, रंगाई, शिलाई ही सगळी कामे तमिळनाडू, गुजरात किंवा थेट परदेशात होतात. मालाची किंमत ज्या टप्प्यांवर वाढते आणि बायका-पोरींना जिथे रोजगार मिळतो, ते सगळे टप्पे जिल्ह्याबाहेर आहेत.

विदर्भात सूतगिरण्या निघाल्या नाहीत असे नाही. पुष्कळ निघाल्या, पुष्कळ बुडाल्या. कधी वीजदर, कधी सहकारातले राजकारण, कधी खेळते भांडवल आड आले. कोराडी आणि चंद्रपूरचे औष्णिक प्रकल्प इथे, कोळसा इथला, राख इथल्या अंगणात, आणि उद्योगाला वीज महाग, याची चीड स्थानिक उद्योजकांत आहे आणि ती रास्त आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठला वस्त्रोद्योगाची वसाहत झाली आहे आणि २०२३ मध्ये अमरावतीसाठी पीएम मित्र पार्क, म्हणजे केंद्राच्या योजनेतले मोठे वस्त्रोद्योग संकुल, मंजूर झाला. माझ्या मते पश्चिम विदर्भासाठी आजच्या घडीला याहून मोलाचा प्रकल्प नाही. तिथे नुसती सूतगिरणी येते की शिलाईही येते, यावर हजारो बायकांचा रोजगार ठरेल.

मराठवाड्यात पाणीच नाही, तर उद्योग कसे येतील?

पाणी कमी आहे, आणि जे आहे त्याचे वाटपही बिघडलेले आहे. पैठणच्या जायकवाडीचा नाथसागर १०० टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) मोठा, पण गोदावरीचे पाणी वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांत आधी अडते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, हे सूत्र त्यातून आले. तरी तुटीच्या वर्षी पाणी सोडायची वेळ आली की कोर्टकचेऱ्या होतातच.

आपल्या अंगणातलेही बोलू. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच लातूर-धाराशिव पट्ट्यात ऊस उभा होता. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. कारखाना ऊस घेतो, दर ठरलेला असतो. तूर-सोयाबीनला अशी हमी कुणी देत नाही, हमीभाव जाहीर असला तरी खरेदी केंद्रावर बारदाना संपलेला असतो. डाळी आणि तेलबियांची खरेदी उसाइतकी खात्रीची झाली तर पीकपद्धत बदलेल, नुसत्या उपदेशाने नाही.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली. पुढच्या पंचवीस वर्षांचे नियोजन दुष्काळ आणि पूर दोन्ही धरूनच करावे लागेल.

स्थलांतर वाईटच का? बाहेर गेलेला माणूस पैसे पाठवतोच ना?

कोण जातो, कसा जातो आणि काय घेऊन परततो, यावर ते आहे. बीडमधून दिवाळीच्या आसपास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडण्यात हंगाम जातो आणि पाडव्याच्या सुमारास परतताना पुढच्या वर्षाची उचल डोक्यावर असते. बरोबर नेलेल्या मुलांची शाळा अर्धी बुडते. या स्थलांतरातून भांडवल गावात येत नाही. पुण्यात आठ वर्षे सीएनसी (संगणकावर चालणारे) मशीन चालवून लातूरला स्वतःचे युनिट टाकणाऱ्याचे स्थलांतर जिल्ह्याला वाढवते.

गडचिरोली खरेच पोलादाचे केंद्र होणार का?

सुरजागडचे लोहखनिज उत्तम प्रतीचे आहे, कोनसरीत प्रकल्प उभा राहतो आहे आणि नक्षलवादाचा जोर ओसरला आहे. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाल्यापासून या जिल्ह्याला अशी संधी आली नव्हती. आकड्यांत गडचिरोली झपाट्याने वर येईल असे मला वाटते. लोक वर येतील का, हे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणवाल्यांकडून जिल्ह्यासाठी जमा होणारा पैसा कुठे खर्च होतो आणि पक्क्या नोकऱ्यांवर एटापल्लीची मुले किती लागतात, यावर आहे. शेजारच्या चंद्रपूरने कोळसा आणि वीज दोन्ही दिली आणि २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत जागा मिळवली.

त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ पासून ग्रामसभेमार्फत बांबू विकला. त्या उत्पन्नावर गावाचा ताबा आहे. खाणीच्या बरोबरीने हा रस्ताही चालू ठेवावा.

कोकणाचे काय?

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या आधीच्यापेक्षा घटली होती. घरे बंद, बागा राखणीला दिलेल्या, गणपतीला आणि शिमग्याला गर्दी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण रेल्वेने माणसे आणण्यापेक्षा नेली जास्त. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. हापूस, काजू, मासळी आणि घरगुती पर्यटन यांवर कोकण चांगले जगू शकतो, फक्त जमिनीच्या सातबाऱ्यावरची वीस-वीस नावे मोकळी व्हायला हवीत. पालघरचे वाढवण बंदर वेगळाच विषय आहे. त्याचा फायदा-तोटा उत्तर कोकणापुरता बोलावा.

वेगळा विदर्भ झाला तर वाढ होईल का?

राजधानी झालेले शहर वाढते. नागपूर निश्चित वाढेल. पण उत्तराखंड २००० मध्ये वेगळा झाला तेव्हा डोंगरी जिल्ह्यांसाठीच मागणी होती, आणि वाढले कोण? डेहराडून, हरिद्वार, उधमसिंहनगर. अल्मोडा आणि पौडी गढवालची लोकसंख्या २०११ मध्ये घटलेली निघाली. बुलढाण्याच्या माणसाने आपल्याला मुंबईऐवजी नागपूर मिळाल्याने काय बदलेल हे आधी विचारावे. वेगळ्या राज्याची मागणी अस्मितेची आणि हक्काची असू शकते, तिचा आदर आहे. वाढीची हमी म्हणून ती पुरत नाही.

मग जिल्ह्याचे भवितव्य सगळ्यात जास्त कशावर ठरेल?

मधल्या शहरांवर. जालना, लातूर, अकोला, अमरावती, नांदेड, परभणी, यवतमाळ. गावातून निघालेल्या माणसाला पहिला थांबा इथे मिळाला तर पैसा विभागात राहतो, नाही तर तो थेट चाकण किंवा हिंजवडीला उतरतो. तमिळनाडूने हे साधले आहे: चेन्नईखेरीज कोइमतूर, तिरुपूर, होसूर, करूर, नामक्कल अशी प्रत्येकी आपला धंदा असलेली शहरे तिथे आहेत.

आपल्याकडे बी आहे. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली आणि शहर बियाण्यांचे केंद्र झाले, रोलिंग मिलनी त्याला स्टीलचे गाव केले. लातूरला डाळ मिल, सोयाबीन आणि शिकवणीवर्ग आहेत. अख्ख्या मराठवाड्यातले आईबाप खोली भाड्याने घेऊन मुलांना तिथे ठेवतात. पण परीक्षा झाली की ती मुले पुण्याला जातात, कारण पदवीनंतरचे काम लातुरात नाही.

आणि या शहरांची अवस्था काय? छत्रपती संभाजीनगरला जायकवाडी जवळ असून नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. २०२० नंतर अनेक वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली, पाणी आले नाही तर नगरसेवकाला जाब विचारायची सोयही उरली नाही. उद्योजक पत्नी-मुलांसह राहायला येईल का, हे एमआयडीसीतल्या प्लॉटच्या दरापेक्षा नळ, शाळा आणि रात्री उघडा असणारा दवाखाना यांवर ठरते. महामार्गांवर जेवढा पैसा गेला त्याच्या छोट्या हिश्शात दहा मधल्या शहरांचे पाणी आणि गटारे मार्गी लागतील, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे तरुण खूप आहेत. हा फायदा किती वर्षे टिकेल?

वाटतो तितका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्याचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुले) १.७ निघाला, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या २.१ च्या बराच खाली. पंचवीस वर्षांनी खेड्यांत म्हातारे जास्त आणि कमावते कमी असतील. आज राज्यातले निम्म्याच्या आसपास हात शेतीत आहेत आणि शेती-संलग्न क्षेत्राचा उत्पन्नातला वाटा साधारण १२ टक्के. या हातांना दुसरे काम द्यायला हाच काळ आहे.

माझ्या जिल्ह्याचे आकडे कुठे पाहू आणि काय पाहू?

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर आर्थिक पाहणी आणि जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, दोन्ही मराठीत मिळतात. दरडोई उत्पन्नाचा एका वर्षाचा आकडा पाहून थांबू नका, दहा वर्षांची रांग लावा आणि ती स्थिर किमतींना आहे का ते तपासा. नाही तर महागाईच वाढ म्हणून दिसेल. त्याच्या शेजारी तीन गोष्टी ठेवा: एमआयडीसीत दिलेल्या प्लॉटपैकी उत्पादन सुरू असलेले किती, बँकांचे कर्ज-ठेव प्रमाण किती, आणि बारावीनंतर जिल्ह्यातच शिकणाऱ्या मुली किती. कर्ज-ठेव प्रमाण कमी असेल तर तुमच्या जिल्ह्याची बचत दुसऱ्या शहरात कर्ज म्हणून फिरते आहे. हा आकडा जिल्हा अग्रणी बँकेकडे असतो आणि त्यांच्या आढावा बैठकीआधी आपल्या लोकप्रतिनिधीला तो लेखी मागायला सांगता येतो.